नालबंद काकांना अनावृत आभारपत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपण माझ्या हातात ठेवलेला जुना नाल हे पत्र लिहिताना माझ्यासमोर आहे. त्याची पुढची कड झिजून पत्र्यासारखी पातळ झाली आहे, मागची दोन्ही टोके मात्र अजून जाड आहेत. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामच्या अखेरच्या वर्षांवर लेख लिहायला मी बसलो, तेव्हा माझ्याजवळ सनावळी होती, भाड्याचे दर होते, करारमदारांच्या तारखा होत्या. घोडा मात्र नव्हता. तो मला आपल्याकडे मिळाला, म्हणून हे जाहीर आभार.

कागदावरची हकीकत मी आपल्याला पहिल्याच भेटीत वाचून दाखवली होती. ९ मे १८७४ रोजी मुंबईत पहिली ट्राम धावली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाई आणि दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीला. सुरुवातीचे भाडे तीन आणे होते, तिकीट दिले जात नसे. पुढे भाडे दोन आण्यांवर आले, आणि फुकट्या प्रवाशांना आळा घालण्यासाठी त्याच वर्षी तिकिटेही आली. सेवा सुरू झाली तेव्हा कंत्राटदारांच्या पागेत ९०० घोडे असल्याचे सांगितले जाते. हा आकडा ऐकून आपण मला थांबवलेत आणि विचारलेत, की गाड्या किती असतील ते सोडा, एवढ्यांना चंदी कोण चारत असेल? माझ्या लेखाची दिशा त्या प्रश्नाने बदलली.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत, ते मला कोणत्याही दप्तरात सापडले नसते. लोखंडी रुळावर लोखंडी चाक एकदा फिरू लागले की ओझे हलके वाटते, म्हणूनच खडबडीत रस्त्यावर ज्या घोड्याला चार माणसे जड होतात, तोच घोडा रुळावर कितीतरी अधिक माणसे ओढू शकतो, हे मी वाचले होते. पण खरा जोर ओढताना लागत नाही, उभी गाडी हलवताना लागतो, हे आपण सांगितलेत. आणि नुसते सांगून थांबला नाहीत, तर या वयात उठून, भिंतीला खांदा लावून, मान खाली घालून, मागचा पाय फरशीवर रोवून दाखवलात. आपला पाय फरशीवरून किंचित घसरला, तेव्हा आपण म्हणालात की दगडी रस्त्यावर घोड्याचे असेच होते, आणि दर थांब्यावर होते. नालाची पुढची कड का झिजते ते मला त्या क्षणी कळले. ट्रामच्या घोड्याला दिवसातून किती वेळा थांबावे लागे आणि पुन्हा निघावे लागे, हे ध्यानात घेतल्यावर मैलांचा हिशेब मला अपुरा वाटू लागला.

गाडी थांबवण्याचेही तसेच. हाकणाऱ्याने ब्रेकची मूठ वेळेवर फिरवली नाही तर मागची गाडी घोड्याच्या अंगावर येते, म्हणून चांगला हाकणारा लगामाइतकाच ब्रेकवर हात ठेवून असतो, हे आपण सांगितलेत. घोडा दिवसभर जुंपता येत नाही. काही तासांच्या फेऱ्यांनंतर त्याला सोडावे लागते, खरारा करावा लागतो, पाणी पाजून तोबरा चढवावा लागतो, आणि तोवर दुसरी जोडी गाडीला लागलेली असते. त्यामुळे एका गाडीमागे पागेत कितीतरी घोडे, त्यांच्यामागे घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार, नालबंद, दाणावैरण आणि उचलायची लीद. गाडी चालो न चालो, घोडा खातोच. मला वाटते, घोड्यांच्या ट्रामचा शेवट समजायला हे एक वाक्य पुरेसे आहे, आणि ते आपले आहे.

कारण शेवट काही एका रात्रीत आला नाही. ट्राम कंपनीने विजेवर ट्राम चालवण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज केला तो १८९९ साली. विजेची ट्राम चालवणारी नवी कंपनी, नगरपालिका आणि इतर पक्ष यांचे करारमदार १९०५ पर्यंत चालले, वाडीबंदरला वाफेवर चालणारे वीजकेंद्र उभे राहिले, आणि विजेची पहिली ट्राम ७ मे १९०७ रोजी धावली. पहिल्या घोड्याच्या ट्रामपासून मोजले तर ३३ वर्षांना अवघे दोन दिवस कमी. म्हणजे घोड्यांच्या जागी वीज येणार हे ठरू लागल्यानंतरही मुंबईचे घोडे सुमारे आठ वर्षे, उन्हातान्हात आणि पावसाळ्यात, त्याच रुळांवरून माणसे ओढत राहिले. माझ्या मते घोड्यांच्या ट्रामचे अखेरचे दिवस म्हणजे ही आठ वर्षे, आणि त्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही.

गिरणगावाविषयी आपल्याशी झालेले बोलणे मी लेखात मुद्दाम सविस्तर घेतले आहे. परळ-लालबागच्या चाळींतला गिरणी कामगार बहुतेक पायीच कामावर जाई; एवढे भाडे रोज मोडणे त्याला परवडणारे नव्हते. पण विजेशी त्याची गाठ ट्रामच्या आधीच पडली होती. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस सूर्यास्तानंतरही लांबत गेला. १९०५ च्या सुमारास कामगारांचा असंतोष उफाळला तो याच लांबलेल्या तासांवरून. ज्या विजेने घोड्याच्या मानेवरचे ओझे उतरवले, तिनेच माणसाला यंत्राजवळ अधिक वेळ उभे ठेवले. मी हे मोठ्या उत्साहाने मांडत होतो, तेव्हा आपण बराच वेळ गप्प होतात. मग एवढेच म्हणालात, की घोडा थकला की मान टाकतो आणि ते सगळ्यांना दिसते. ते ऐकल्यापासून त्या कामगारांविषयी लिहिताना माझा हात जपून चालतो.

आणखी एका गोष्टीसाठी मी आपला ऋणी आहे. टापांचा नाद शहरातून हरपला, अशी हळहळ व्यक्त करणारा एक परिच्छेद मी लिहिला होता आणि तो मला फार आवडला होता. आपण आयुष्यभर व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या घोड्यांना नाल ठोकलेत. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदा ठरवून वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा पिढीजात काम थांबलेल्या माणसांपैकी आपण एक. आपल्याइतका हळहळण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला असेल असे मला वाटत नाही. तरी आपण तो परिच्छेद ऐकून, खुराला चीर गेलेल्या, तरीही जुंपल्या जाणाऱ्या एका घोडीची आठवण सांगितलीत. तिचा पाय मांडीवर घेऊन आपण बसलेले असताना ती कशी थरथरत होती, ते सांगताना आपला आवाज बसला. घरी येऊन मी तो परिच्छेद काढून टाकला. त्या जागी आता नालाचे वर्णन आहे.

लेख पुरा झाला आहे. त्याची प्रत मोठ्या अक्षरांत छापून घेतली आहे, म्हणजे आपल्याला चष्म्याचा त्रास होणार नाही. येत्या रविवारी सकाळी ती घेऊन येतो. नालही परत आणतो. आपण तो ठेवून घ्या म्हणाला होतात, पण त्याची जागा आपल्या खिडकीशेजारच्या खिळ्यावरच आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला कृतज्ञ,
लेख घेऊन येणारा तो