कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वायंडिंगवाल्या मामांना

आदरणीय मामा,
सा. न. वि. वि.

परवा रात्री माझा कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज चढवणारं सर्किट, सलग सहा तास चालला. पूर्ण १० अँपिअरवर. बंद केल्यावर भीत भीत तुम्ही भरलेल्या चोकला बोट लावलं, आणि बोट तसंच ठेवता आलं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, लॅबमध्ये मी एकटीच होते, आणि मला रडूच फुटलं. पहिल्यांदा तुम्हालाच फोन करावासा वाटला, पण तुम्ही पहाटे उठून दुकान उघडणारा माणूस. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं असंच लिहिते आहे.

माझं काम सोलर पंपाच्या ड्राइव्हमधल्या इंडक्टरवर आहे, म्हणजे कोअरवर (चुंबकीय गाभ्यावर) तारेचे वेढे दिलेली कॉइल, तुमच्या भाषेतला चोक. पॅनलकडून येणारे २०० व्होल्ट ३५० पर्यंत चढवायचे. त्यासाठी मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, सेकंदाला ४०,००० वेळा चालू-बंद होतो. तो चालू असताना चोक ऊर्जा साठवतो आणि बंद झाला की तीच पुढं ढकलतो. करंट एकदम वाढू देत नाही, एकदम पडूही देत नाही. हे मी तुम्हाला सांगत होते तेव्हा अर्ध्यातच तुम्ही म्हणालात, "म्हंजे इंजनाचं फ्लायव्हील की!" अगदी तेच. आता वर्गात शिकवताना मी तुमचंच वाक्य वापरते, आणि ऑइल इंजिनांच्या या गावात ते पोरांना लगेच पटतं.

तुमच्या दारात येण्याआधीचे पाच आठवडे मात्र मी विसरणार नाही. पहिल्या दुकानात मी कागदावर स्वच्छ लिहून दिलं होतं, की बारीक तारांचा पीळ घालून वेढे द्या. त्यांनी एकच जाड १५ गेजची तार भरली. विचारलं तर म्हणाले, "तांबं तेवढंच आहे, फरक काय पडतो?" फरक पडतो. ५० हर्ट्झला करंट तांब्यात ९ मिलिमीटर आतपर्यंत पोचतो, ४०,००० हर्ट्झला जेमतेम ०.३३ मिलिमीटर. त्याच्या आतलं तांबं नुसतं वजनाला. माझे चार मॉसफेट फुटले, आणि जळलेला चोक परत घेऊन गेले तर जबाबदारी आमची नाही म्हणून त्यांनी तो काउंटरवरून माझ्याकडे सरकवला. दुसऱ्या दुकानात "कॉलेजची कामं नकोत" एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्यानं ऐकून न घेताच वेढे कापायला हॅकसॉ उचलला. इकडे आमच्यातलेच एक वडीलधारे म्हणाले, सिम्युलेशनमध्ये चालतंय ना, मग तेवढ्यावर पेपर लिहा. शेतकऱ्याचा पंप सिम्युलेशनवर चालत नाही, हे त्यांना कसं सांगायचं?

तुमच्याकडे आले तो दिवसही चुकीचाच होता. राजाराम बंधाऱ्यावरचं पाणी नुकतंच उतरलं होतं आणि दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. चिखलानं माखलेल्या शेतीपंपांच्या मोटारी दारापर्यंत रांगेनं ठेवलेल्या. बाहेर शेतकरी थांबलेले. इथंही नाहीच म्हणणार, असं धरूनच मी चोक पुढं केला. तुम्ही तो हातात घेतलात, नाकाशी नेऊन वास घेतलात आणि म्हणालात, "पोरी, आदी कुठं जळालंय ते बघू. बघितल्याबिगर नवीन भरायची न्हाई."

मामा, हे पत्र खरं तर त्यापुढच्या दीड तासासाठी आहे.

कटरनं कापून तार ओढून काढली असती तर पाच मिनिटांचं काम होतं. तुम्ही वार्निश गरम करून मऊ केलंत आणि एकेक वेढा हातानं उकलायला घेतलात. मोठ्यानं मोजत. मला वहीत लिहायला लावलंत. निघालेली तार जमिनीवर न टाकता जुन्या वर्तमानपत्रावर क्रमानं मांडत गेलात, आणि जिथं रंग बदलला तिथं टेपचा तुकडा लावलात. पहिले वीस-पंचवीस वेढे लख्ख. तिसावा आला आणि तुम्ही थांबलात. तिथून पस्तिसाव्यापर्यंत तारेवरचं एनॅमल काळं ठिक्कर. त्यानंतर बेचाळिसाव्यापर्यंत पुन्हा ठीक. "मधीच कसं काय जळालं?" असं तुम्ही विचारलंत, आणि माझ्या अंगावर काटा आला.

कारण ते सहा वेढे बरोबर गॅपच्या, म्हणजे कोअरमध्ये मुद्दाम ठेवलेल्या फटीच्या, समोरचे होते. फेराइटचा कोअर ०.३ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) पुढं गेला की संपृक्त व्हायला लागतो, म्हणजे त्यात आणखी चुंबकत्व मावेनासं होतं. माझ्या चोकमध्ये गॅप नसता तर तो अर्धा अँपिअरही पेलला नसता. म्हणून कोअरच्या मधल्या पायात २ मिलिमीटरचा गॅप ठेवलेला, आणि बहुतेक सगळी ऊर्जा त्या एवढ्याशा फटीतच साठते. पण फटीपाशी चुंबकीय क्षेत्र बाहेर फुगतं आणि बांध फुटल्यावर पाणी शेजारच्या वावरात घुसावं तसं जवळच्या तारेत घुसतं. तार जाड असली की तिथंच भोवरे करून तिला तापवतं. माझ्या गणितात उष्णता सगळ्या वेढ्यांना सारखी वाटलेली होती. दोन वर्षांतली ती चूक वर्तमानपत्रावर मांडलेल्या तारेत उघडी पडली. हॅकसॉ चालला असता तर ती खूण भंगारात गेली असती.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊकच आहे. बॉबिनच्या (तार गुंडाळायच्या साच्याच्या) मध्यावर लेदरॉईड पेपरचे, म्हणजे वीज न जाऊ देणाऱ्या जाड कागदाचे, थर देऊन वेढे गॅपपासून लांब ठेवायची युक्ती तुमची. बारीक तीस तारांचं एक टोक शटरच्या कडीला बांधून, दुसरं ड्रिलमध्ये धरून सात मीटर पीळ घातलात तेव्हा गल्लीतले दुचाकीवाले हॉर्न न वाजवता थांबले होते. मजुरी मोटारीच्या दरानंच घेतलीत, आणि मला तेही आवडलं. उपकार केल्याचा आवही नाही.

१८३१ च्या ऑगस्टमध्ये लंडनला मायकेल फॅरेडेनं लोखंडी कड्यावर तार गुंडाळली, तेव्हा वेढे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये सुतळी आणि कापड घातलं होतं. हे मी कितीदा वाचलंय. तुमची बोटं लेदरॉईडची घडी दाबताना पाहिली तेव्हा मला तो माणूस पहिल्यांदा डोळ्यांसमोर दिसला.

जिच्याकडून पुढं काही मिळायचं नाही अशा अनोळखी पोरीच्या जळक्या कॉइलसाठी, दारात गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना, दीड तास देणारी माणसं या गावात आहेत. बाहेर थांबलेल्या त्या शेतकऱ्यांनाही मला नमस्कार सांगायचा आहे. एकानंही "आमचं आधी करा" म्हटलं नाही. उलट एका आजोबांनी माझ्या वहीवर छत्री धरली होती.

ती उकललेली तार मी जपून ठेवली आहे. तुमच्या टेपच्या तुकड्यांसकट तिचा फोटो प्रबंधात घेतला आहे. आकृतीखाली वेढ्यांचे क्रमांक आहेत, ३० ते ३५. ती कुणी उकलली हे लिहायला तिथं जागा नव्हती.

तुमची,
चोकवाली पोरगी