शर्टाच्या आतला कपडा

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालास, ऑफिसात तुझ्या वयाचं कुणी बनियन घालत नाही, आणि मुंबईच्या उकाड्यात अंगावर आणखी एक कपडा कशाला? फोनवर घाईत नीट बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय. पातळ सुती फॉर्मल शर्टाखाली बनियन हवाच. फक्त तू इथून नेलेले बिनबाह्यांचे नकोत.

घाम काखेत येतो आणि बिनबाह्यांचा बनियन नेमकी काखच उघडी ठेवतो. पांढऱ्या शर्टाला तिथे जे पिवळे डाग पडतात, ते नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात मिसळले की कापडात बसतात. अशा डागावर ब्लीच घालू नकोस, तो आणखी पिवळा होतो. त्यावरून इस्त्री फिरली तर मग निघायचं नावच नाही. अर्ध्या बाह्यांचा बनियन हे सगळं आपल्या अंगावर घेतो आणि महागाचा शर्ट वाचतो. तुझे आजोबा याच हिशेबाने सदऱ्याखाली कोपरी घालायचे. कोपरी रोज धुवायची, सदरा मात्र दोन-तीन दिवस निघायचा. पैसेही कोपरीच्याच आतल्या खिशात असायचे.

रंगाचं मात्र नीट ऐक. पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन लपत नाही, उलट उठून दिसतो. आपली अंगकांती सावळी, त्यामुळे पॉपलिनच्या शर्टातून त्याची कड न् कड दिसते. फिका राखाडी किंवा अंगाच्या रंगाशी मिळताजुळता घे. वरचं बटण उघडं ठेवतोस, तेव्हा गळा व्ही हवा. टाय असेल त्या दिवशी गोल गळा चालेल. छापील टी-शर्ट आत घालून मीटिंगला बसू नकोस, छातीवरची अक्षरं समोरच्याला वाचता येतात.

जाड ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट किंवा बाहेर सोडलेला सैल लिननचा असेल, तर बनियन नसला तरी माझी हरकत नाही.

उकाड्याचं तुझं म्हणणं खरं आहे. तिथली हवा दमट, घाम वाळतच नाही. सुती बनियन तो शोषतो, पण धरूनही ठेवतो. लोकलच्या गर्दीतून उतरून थेट एसीत बसलास की ओला कपडा पाठीला गार लागतो. मला काळजी वाटते ती याची. बॅगेत एक कोरडा बनियन ठेवत जा आणि पोचल्यावर बदल. पावसाळ्यात खोलीत कपडे लवकर वाळत नाहीत, तेव्हा दोन जास्तीचे असू देत.

बनियन अंगाबरोबर बसणारा असावा. होजिअरीचं कापड ताणलं जातं, म्हणून ढगळ घ्यायचं कारण नाही. ढगळ असला की इन केलेल्या शर्टाखाली गोळा होतो. लांबी कमरेच्या खाली उतरायला हवी. विटला, गळा सैल पडला की टाकून दे. आत कोण बघतंय म्हणून फाटका वापरत राहू नकोस.

रविवारी बाजारात जाणार आहे. टेपने छाती मोजून सेंटिमीटरमध्ये कळव, म्हणजे ८५, ९० की ९५ ते ठरवता येईल. फॉर्मल शर्टावरचा ४० हा आकडा गळ्याचा असतो, तो पाठवू नकोस. तुझ्या आईला एका धुण्यानंतर सुती बनियन किती आटतो ते बघायचंय, म्हणून आधी दोनच घेतो. बरे बसले तर बाकीचे गणपतीला येशील तेव्हा ने.

तुझे बाबा