दोंगझोऊचा आकडा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पायाभूत सुविधांवर मोठा लेख होता. चीनमध्ये बघता बघता बंदर उभे राहते आणि आपण मोजणीतच अडकतो, कारण तिथे जमिनीसाठी कुणी आडवे येत नाही, असा त्याचा सूर. लेख अभ्यासाने लिहिलेला आहे, वाद नाही. पण ‘कुणी आडवे येत नाही’ या चार शब्दांपाशी माझा चहा निवला.

मी उरण तालुक्यातला, न्हावाशेवा बंदरात जमीन गेलेल्या घरातला. शेती गेल्यावर कंटेनर यार्डात टॅली क्लार्क म्हणून उमेदीची वर्षे काढली. सील नंबर जुळवायचा, कंटेनर चेपला असेल तर शेरा मारायचा, हे काम. कागदांवर ‘यांतियान’ हे बंदराचे नाव इतक्या वेळा लिहिले की मुलाच्या शाळेच्या नकाशात एकदा ते शोधून काढले. शेनझेनचे बंदर, ग्वांगदोंग प्रांत. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने पूर्वेला गेले की शानवेई लागते. चीनच्या मानाने लहानसे शहर. २००५च्या डिसेंबरात पेपरात चार ओळींची बातमी आली, तिच्यात हे नाव होते. नकाशा डोक्यात असल्यामुळेच नजर थांबली असावी. कात्रण अजून आहे, पिवळे पडले आहे.

शानवेईच्या हद्दीत दोंगझोऊ नावाचे गाव आहे. शेती आणि मासेमारी करणारे. वीज प्रकल्पासाठी जमीन घेतली, गावकरी मासे धरत त्या पाण्यात भराव टाकायला घेतला, आणि मोबदला तुटपुंजा, अशी तक्रार होती. ६ डिसेंबर २००५ रोजी लोक जमले आणि सशस्त्र पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारी वृत्तसंस्थेने तोंड उघडले ते तीन-चार दिवसांनी. तिचे म्हणणे, गावकऱ्यांनी भाले, पेट्रोलच्या बाटल्या आणि स्फोटके घेऊन हल्ला केला, नाइलाजाने गोळीबार झाला, मेले तीन. गावकरी फोनवरून हाँगकाँगच्या आणि परदेशी पत्रकारांना सांगत होते की वीसपर्यंत गेले असतील. तोवर गावाची नाकेबंदी झाली होती, बाहेरच्या कुणाला जाऊन मोजता येईना.

गावकऱ्यांकडे स्फोटके नसतीलच असे मी म्हणत नाही. सुरुंगाने मासे मारणारे कोळी आमच्याही किनाऱ्याला माहीत आहेत.

आता ‘आडवे येत नाहीत’ म्हणजे काय ते पाहा. चीनमध्ये गावची जमीन गावाच्या सामूहिक मालकीची असते. शेतकऱ्याला ती फक्त कसण्याचा हक्क. त्या वेळच्या कायद्यात मोबदला बाजारभावाने नव्हे, पिकावर ठरायचा. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उत्पन्नाची सहा ते दहा पट जमिनीपोटी, पुनर्वसन धरून सगळे मिळून कमाल तीस पट. पीक भाताचे, म्हणून जमिनीचा भाव भाताचा. तीच जमीन स्थानिक सरकारने कंपनीला दिली की तिचा भाव लगेच कारखान्याचा! ही तीस पटींची मर्यादा निघायला २०२० उजाडले. आणि मासेमारीच्या पाण्याला तर पीकच नाही, त्याला कितीने गुणणार? तेव्हाचे पंतप्रधान वेन जियाबाओ यांनीसुद्धा त्याच डिसेंबराच्या अखेरीस बजावले होते की जमिनीच्या प्रश्नात ऐतिहासिक चूक होता कामा नये. सरकारी हिशेबानेच त्या एका वर्षात देशात सार्वजनिक शांतताभंगाचे ८७ हजार प्रकार नोंदले गेले होते. सगळे जमिनीचे नव्हेत. पण आडवे येणारे पुष्कळ होते, एवढे त्यावरून समजायला हरकत नाही.

पुढे काय झाले? गोळीबाराच्या वेळी हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला ताब्यात घेतले. माणसे ‘चुकून’ मेली, असे प्रांत सरकारने म्हटले. नंतर खटले भरले ते गावकऱ्यांवर, आणि त्यांना वर्षानुवर्षांच्या शिक्षा लागल्या.

गंमत म्हणावी तर, हाच तो मुलूख जिथे १९२७ साली पेंग पाय नावाच्या जमीनदाराच्या मुलाने शेतकऱ्यांचे राज्य उभारले होते. घरच्या जमिनीचे कागद त्याने कुळांसमोर जाळले, असे सांगतात. कम्युनिस्ट पक्ष त्याला आजही हुतात्मा मानतो. त्याच शानवेईत २०११ साली वुकान गाव जमिनीवरून उठले. तिथला एक प्रतिनिधी कोठडीत मेला, गावाने पोलिसांना आत येऊ दिले नाही. अखेर प्रांताच्या नेत्यांनी बोलणी केली, निवडणूक झाली, आंदोलनाचा म्हातारा पुढारी गावप्रमुख झाला. पाच वर्षांनी तोच लाचखोरीच्या आरोपात तुरुंगात गेला.

आमच्याकडे फार चांगले होते, असे सांगायला मी हे लिहीत नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दास्तान फाटा आणि नवघर परिसरात जमिनीच्या मोबदल्यासाठी उठलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा रात्री घरी आले ते एका पायात चप्पल घालून. आईने विचारले, ते काही बोलले नाहीत. पडवीत बसून पायाचा चिखल काडीने काढत राहिले, तो वाळला होता तरी. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमच्या गावाला पाचही नावे पाठ होती, कुठल्या गावचा, कुणाचा कोण, सगळे. आमचे पुढारी दि. बा. पाटील साहेब मागे हटले नाहीत, म्हणून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळायचे ठरले. (आमचा भूखंड हातात यायला किती वर्षे लागली आणि एका कार्यालयाच्या किती पायऱ्या झिजवल्या, ते वेगळे पत्र होईल.) जासईला दरवर्षी त्या दिवशी हार घालतात, पुढारी भाषणे लांबवतात, आम्ही उन्हात उभे असतो. पण पाच म्हणजे पाच. सहावा कुणी दडवला, असे आजवर कुणी म्हटलेले नाही.

लेखकमहाशय चीनच्या वेगाचा तक्ता पुन्हा छापणार असतील तर माझी एवढीच विनंती आहे. ‘प्रकल्पाचा खर्च’, ‘लागलेला काळ’ यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा आणि दोंगझोऊच्या ओळीत आकडा भरावा. तीन लिहायचे की वीस, ते त्यांनी ठरवावे.

कळावे.

आपला एक जुना वाचक,
ता. उरण, जि. रायगड
(नाव-पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये.)