पंचगंगेचा पूर फुटांत नको, वेगात मोजा: जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना लागले की इशारा, ४३ फुटांना लागले की धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. पण फूट ही पातळी झाली. सेकंदाला किती पाणी पुढे सरकते आहे, म्हणजे विसर्ग, तो पट्टीवर दिसत नाही. तो पातळी-विसर्गाच्या तक्त्यावरून काढायचा म्हटला, तर ऐन पुरात तोच तक्ता दगा देतो. नृसिंहवाडीला कृष्णा तुडुंब असली की पंचगंगा तुंबते. पातळी चढत राहते आणि वेग पडतो. अशा फुगवट्यात एकाच पातळीला दोन वेगवेगळे विसर्ग असू शकतात. कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर नेण्याच्या वादात फुगवट्यावरून आपण कर्नाटकाशी भांडतो, तेव्हा तरी हातात मोजलेला वेग हवा.

वजन बांधलेला करंट मीटर (पाण्याने फिरणारे, वेग मोजणारे यंत्र) पुलावरून सोडला तर पुराच्या ओढीने तार तिरपी होते, ओंडके अडकतात. आवाजाने हे काम होते. डॉप्लर प्रवाहमापक पाण्यात ध्वनीचे ठोके सोडतो, गाळाच्या कणांवरून ते परततात आणि बदललेल्या वारंवारितेवरून वेग कळतो. आमची मागणी काठावर पक्का बसवलेला, आडवा पाहणारा मापक बसवण्याची आहे. दर पंधरा मिनिटांनी नोंद, रात्री-अपरात्रीही.

मात्र नुसते यंत्र विकत घेऊन भागत नाही. आडवा मापक पाण्याची एकच पट्टी पाहतो. त्या पट्टीचा वेग आणि अख्ख्या पात्राचा सरासरी वेग यांचे नाते होडीवरच्या मापकाने पात्र ओलांडून ठरवावे लागते, तेही चढत्या आणि उतरत्या अशा दोन्ही पुरांत. जागा सरळ पात्रातली हवी. बंधाऱ्याच्या लगेच खाली नको, तिथल्या फेसात आवाज विरून जातो. शिवाय पंचगंगेत जलपर्णी आहे. तिचा एक गठ्ठा तोंडाशी अडकला की यंत्र ‘वेग शून्य’ सांगू लागते, आणि कार्यालयात बसलेल्याला ते खरे वाटते. म्हणून मापक वर ओढून साफ करता येईल अशा रुळावर बसवा.

होडीवरच्या मोजणीत चूक होते ती बहुधा तळामुळे. यंत्र होडीचा वेग तळाच्या आधाराने काढते. पुरात तळाची वाळूच खाली सरकत असेल, तर त्याला होडी प्रवाहाविरुद्ध वर चालल्याचा भास होतो आणि विसर्ग कमी भरतो. आधी होडी एका जागी पाचेक मिनिटे धरून ही चाचणी घ्यावी. तळ सरकत असेल तर होडीचा वेग जीपीएसवरून घ्यावा. मापकाचे ध्वनिकिरण उभ्या रेषेपासून २० अंश कललेले असतील तर तळालगतचा सुमारे ६ टक्के थर मोजताच येत नाही, तो गणिताने भरावा लागतो. आणखी एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: यंत्रात क्षारतेचा आकडा समुद्राचा, म्हणजे हजारी ३५, राहून गेला, तर २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात वेग अडीच टक्के जादा दिसतो.

वाळूउपशाने पात्र दरवर्षी बदलते, त्यामुळे पावसाळ्याआधी आणि नंतर पात्राच्या आडव्या छेदाची मोजणी पुन्हा व्हावी. जुन्या छेदावर नवा वेग लावला तर सगळी मेहनत पाण्यात.

हायड्रोफोनचाही प्रस्ताव आपल्यापुढे येईल. पाण्याखालचा हा माइक तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याची किटकिट ऐकतो आणि तळ कधी हलू लागला ते सांगतो. बारीक गाळ मात्र त्याला ऐकू येत नाही. उथळ पाण्यात खर्जही पोहोचत नाही. एक मीटर खोलीत साधारण ३७५ हर्ट्झखालचा आवाज दूर जात नाही. तेव्हा तो सह्याद्रीच्या घाटाजवळच्या, गोट्यांच्या पात्रात बसवावा. शिरोळच्या गाळातही बसवू म्हणणाऱ्या विक्रेत्याला चहा पाजून परत पाठवावे.

निविदेत दोन ओळी जरूर घाला. तळ सरकण्याची चाचणी नसलेली मोजणी स्वीकारली जाणार नाही. आणि प्रत्येक मोजणीची कच्ची फाइल त्याच दिवशी खात्याच्या संगणकावर जमा होईल, ठेकेदाराच्या लॅपटॉपवर राहणार नाही. मापक मेअखेर बसला, तरच पहिल्या चढत्या पुराची नोंद हाती लागेल.

आपले,
नदीमापनात काम करणारे काही अभियंते