ग्रेड आणि स्टेज: पेशंटला त्याचा आजार त्याच्या भाषेत सांगा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. आईने पस्तीस वर्षं विड्या वळल्या. आमच्या घरात तेलुगू बोलतात, आम्ही भावंडं मराठीत शिकलो, आणि आईच्या स्तनातल्या गाठीचा रिपोर्ट आला तो इंग्रजीत. त्यावर 'ग्रेड ३' असं होतं. मामांनी तो वाचला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की हिचा कॅन्सर तिसऱ्या स्टेजचा आहे.

ग्रेड वेगळी आणि स्टेज वेगळी, हे आम्हाला चार महिन्यांनी कळलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी किती बिघडलेल्या दिसतात, ती ग्रेड. आजार शरीरात कुठवर पोचलाय, ती स्टेज: गाठ केवढी आहे, काखेतल्या गाठींत उतरला का, हाडं, फुप्फुसं, लिव्हर इथवर गेला का. त्या दिवशी आईची स्टेज ठरलेलीच नव्हती, त्यासाठीच्या तपासण्या अजून व्हायच्या होत्या. पण तिच्या कानावर 'तिसरी' पडलं, आणि आमच्याकडे तिसरी म्हणजे संपलंच. "माझ्यावर पैसा घालू नका, आधी धाकटीचं लग्न उरका," म्हणाली. चार महिने झाडपाला चालला. परत गेलो तेव्हा आजार काखेत उतरला होता. आता स्टेज खरंच तिसरी निघाली.

आणि महोदय, त्या तिसऱ्या स्टेजलाही डॉक्टरांनी तिला पूर्ण बरं करायच्या हिशेबानेच उपचार दिले. आधी केमो देऊन गाठ लहान केली, मग ऑपरेशन, मग शेक, म्हणजे रेडिएशन. गाठीची हार्मोनची तपासणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढणारी निघाली, म्हणून आता रोज एक गोळी घेते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे कर्जही झालं नाही. म्हणजे ज्या दोन भीतींपोटी आई घरात बसून राहिली, त्या दोन्ही पाच मिनिटांच्या बोलण्यात गेल्या असत्या.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. बाहेर बाकांवर जागा नव्हती, लोक जमिनीवर बसले होते. पण एक गोष्ट मनातून जात नाही. पहिल्या दिवशी आईला बाहेर बसवलं आणि रिपोर्ट भावाच्या हातात दिला. 'पेशंटला सांगू नका' असं आपण नातेवाईकच म्हणतो, मीही म्हणाले होते. छाती तिची, निर्णय तिचा, आणि तिला कळलं ते गल्लीतून.

आमच्या भागात विडी कामगार बायका हजारोंनी आहेत. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि सकाळी दाताला मिश्री. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारं तोंड, यातलं काहीही असलं तर दाखवायला हवं, हे त्यांना माहीत नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जायला लागलं तर त्या लाजेने गप्प राहतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, हा गैरसमज मात्र सगळ्यांना पाठ आहे. या भीतीने बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, टाळतात, आणि बायोप्सीशिवाय उपचार सुरूच होत नाहीत.

सांगून फरक पडतो का, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी, म्हणजे गावागावातल्या कॅन्सरच्या पेशंटची नोंद ठेवणं, सुरू झाली. नोंदणीचे कर्मचारी गावोगाव फिरून लक्षणं समजावत, आणि गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झालेल्या बायका पूर्वीपेक्षा आधीच्या स्टेजला दवाखान्यात यायला लागल्या. पुढे शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या एक लाख तीस हजारांवर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे (गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याची तपासणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे ज्ञान जगाला आपल्या मातीतून मिळालं. ते आमच्या गल्लीत का नाही?

तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख तपासायचं, हे सरकारच्या कार्यक्रमात आहेच. आशाताई दारात येतात, फॉर्म भरतात. त्यांच्यावर आणखी कागद लादा असं मी म्हणत नाही. माझी मागणी निदान झालेल्या पेशंटसाठी आहे. कॅन्सरचा रिपोर्ट देताना प्रत्येक सरकारी आणि योजनेतल्या रुग्णालयाने सोबत एक पान द्यावं. सोलापुरात ते मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत हवं. आजार कुठला, स्टेज ठरली का, नसेल तर कोणती तपासणी बाकी आहे, पुढचा उपचार कुठे आणि किती दिवसांचा. शेक आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतो. रोजावर जगणाऱ्या घराला हे आधी कळलं नाही तर उपचार मधेच सुटतो. आणि ते पान पेशंटला समोर बसवून वाचून दाखवायला एक माणूस हवा, ज्याचं कामच ते असेल. चौथ्या स्टेजच्या पेशंटलाही हे पान हवं. बहुतेक वेळा तिथे आजार पूर्ण जात नाही, पण दुखणं कमी करता येतं, काही महिने, काही वेळा वर्षंही मिळतात. त्या दिवसांत काय करायचं, हे त्या माणसाला ठरवू द्या.

अशा पानाचा मसुदा सोबत जोडला आहे. तो मी आईला वाचून दाखवला. तिला न कळलेली वाक्यं बदलली. एक ओळ मात्र तिने स्वतः सांगून घालायला लावली, सगळ्यात वर, डॉक्टरांनी हाताने भरायची: 'तुमचा उपचार कशासाठी आहे: पूर्ण बरं होण्यासाठी / आजार आटोक्यात ठेवण्यासाठी / त्रास कमी करण्यासाठी.'

आपली,
एका विडी कामगार बाईची मुलगी, सोलापूर