वाढलेल्या बांगड्या

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

कोल्हापूर,
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार

प्रिय चिमे,

सप्रेम नमस्कार. फोनवर तू विचारलंस, चंदीगडला काय काय बघितलंस, आणि मी "निवांत सांगते गं" म्हणून विषय टाळला. फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतंच. आज गुरुवार, सकाळपासून दुकानात बायकांची रीघ होती. आत्ता कुठं शटर ओढलंय, जाऊबाई आत स्वयंपाक करतायत आणि मी गल्ल्यावर बसून लिहितेय. पत्र लांबणार आहे. चहा घेऊन बस.

जावयांची बदली चंदीगडजवळच्या चंडीमंदिरच्या छावणीत झाल्यापासून लेक बोलावत होती. दिवाळी उरकली, दुकान जाऊबाईंवर सोपवलं आणि निजामुद्दीनची गाडी धरली. प्रवासाचं काही लिहीत नाही, तू केलायस तो. तिसऱ्या दिवशी लेक म्हणाली, आई, रॉक गार्डन बघू या. नावावरून मला वाटलं, दगडधोंडे असतील मांडून ठेवलेले. आपल्याकडं जोतिबाच्या डोंगरावर काय कमी दगड आहेत, असं म्हणतच गेले.

आत शिरायची दारं मुद्दाम बुटकी केलीत. मोठा साहेब असो नाहीतर माझ्यासारखी, वाकल्याशिवाय आत पाऊल पडत नाही. मग बोळ, पुन्हा दार, पुन्हा वाकायचं, आणि एकदम उघडं अंगण. सुरुवातीला खरंच दगड आहेत. नदीच्या पाण्यानं झिजलेले, कुणी पक्ष्यासारखा, कुणी पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग भिंती लागतात. एक तर अख्खी विजेच्या फ्यूजच्या पांढऱ्या चिनीमातीच्या खोक्यांची. पुढं फुटक्या कपबश्यांची माणसं, फरशीच्या तुकड्यांनी मढवलेली जनावरं. आणि तिथून एक वळण घेतलं, तर समोर उतारावर बायका उभ्या. ओळीनं. अंगभर बांगड्या.

चिमे, माझे पायच थांबले. लेक पुढं गेली, परत आली, म्हणाली काय झालं. काय सांगू तिला? पस्तीस वर्षं मी बांगड्या भरतेय. फिरोजाबादच्या मालाची पेटी उघडली की आधी पेंढ्यातून फुटका माल वेचून काढायचा, ही माझी रोजची सकाळ. संध्याकाळी केरसुणीनं कोपऱ्यात गोळा केलेली रंगीत काच बघितली की जीव चुकचुकायचा, आणि तरीही ती घंटागाडीत जायची. तीच काच इथं अंगभर लेवून या बायका उन्हात उभ्या.

एकीजवळ मी बराच वेळ होते. उंचीनं माझ्या कमरेएवढी. चेहरा म्हणशील तर सिमेंटचा साधा गोळा, नाक चिमटीनं ओढलेलं, डोळे पांढऱ्या चिनीमातीच्या कपच्यांचे. पण गळ्यापासून खाली नुसत्या बांगड्या. तुकडे आडवे, एकाखाली एक, इतके दाटून बसवलेले की मधे सिमेंट दिसत नाही. आणि प्रत्येक तुकड्याचा बाक बाहेरच्या अंगाला. कारागिरी आहे ती त्या बाकात! सपाट काच एकाच बाजूनं चमकते. बाक बाहेर असला की ऊन कुठूनही येवो, तुकड्यावर एक बारीक रेघ पेटते, आणि आपण दोन पावलं सरकलो की ती रेघही सरकते. म्हणून लांबून वाटतं, लुगडं हललं. हिरव्याच्या चार ओळी, मग राणी रंग, मग मोरपंखी, पुन्हा हिरवा. काही तुकड्यांवर सोनेरी नक्षीचा माग अजून होता. कुणाच्या तरी लग्नातला चुडा असणार तो.

हे सगळं एका माणसानं सुरू केलंय. नेकचंद सैनी. 1924 चा जन्म, गाव आता पाकिस्तानात गेलेलं. 1947 ला घरदार टाकून इकडं आले. 1951 मध्ये चंदीगडच्या बांधकामावर रस्ते निरीक्षक म्हणून लागले. ल कॉर्बूझिए या वास्तुकाराच्या आराखड्यावर नवं शहर उभं राहत होतं आणि त्यासाठी जुनी गावं पाडली जात होती. पाडलेल्या घरांत काय उरतं? फुटकी मडकी, कपबश्या, कौलं, बांगड्या. नेकचंद नोकरी सुटली की सायकलवरून ते गोळा करायचे आणि सुखना तलावाजवळच्या झाडीत नेऊन ठेवायचे. 1958 च्या सुमारास सुरुवात केली. जागा सरकारची, तिथं काहीही बांधायला बंदी, म्हणून सगळं चोरून. रात्री उजेडाला जुने टायर पेटवायचे. सतरा-अठरा वर्षं, चिमे! दिवसा साहेबांच्या हाताखाली रस्ता बघायचा आणि रात्री आपलं राज्य उभारायचं.

सरकारला पत्ता लागला तेव्हा पाडायचंच चाललं होतं. पण बघायला आलेल्या लोकांना ते पाडवेना. 1976 मध्ये बाग सगळ्यांसाठी उघडली, नेकचंदना त्याच कामावर नेमलं, पगार चालू ठेवला आणि हाताखाली पन्नास मजूर दिले. 1984 ला पद्मश्री. त्यानंतरही एकदा, 1990 मध्ये, रस्त्यासाठी बुलडोझर आले तेव्हा गावातली माणसं हातात हात धरून आडवी उभी राहिली आणि बुलडोझर परत गेले. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. फुटक्या काचेसाठी माणसं यंत्रापुढं उभी राहतात, हे मी पहिल्यांदा ऐकलं.

मूर्तीच्या आतलं हाडही टाकाऊच. सायकलचे सांगाडे, लोखंडी सळ्या, वर चिंध्या नि पोती, मग सिमेंट, आणि ओलं असतानाच तुकडे रुतवायचे. तुला कणेरी मठ आठवतो का? आपण दोघी पोरांना घेऊन गेलो होतो. तिथल्या मूर्तींतला बैल हाकणारा, तिथली दळणारी बाई इतकी हुबेहूब की तुझ्या धाकट्यानं तिला "आजी" म्हणून हाक मारली होती. तिथं वाटतं, ही आपलीच माणसं. चंदीगडच्या त्या बायका कुणासारख्याच दिसत नाहीत. तरी मला त्या जास्त ओळखीच्या वाटल्या. अंगावरची काच ओळखीची होती म्हणून असेल.

पलीकडं मोठं अंगण आहे, धबधबा आहे, कमानींना लांबच लांब झोके टांगलेत. लेक झोक्यावर बसली. मी बसून राहिले, आणि मला आपली चिमणी आठवली. तुझ्या परसात, रॉकेलच्या चिमणीवर बांगडीचा तुकडा धरायचा. तो मऊ झाला की टोकं जवळ आणायची, त्यात दुसरा अडकवायचा. अशी साखळी किती लांब केली होती आपण, दाराच्या चौकटीला पुरेल एवढी! तुझी बोटं पोळायची, माझी कापायची. काचापाणी खेळताना तू माझे सगळे निळे तुकडे जिंकलीस आणि मी रडले म्हणून परत दिलेस. त्या वयात फुटलेली बांगडी म्हणजे आपल्याला मिळकत होती.

मग एक दुसरा दिवसही आठवला. ते लिहू की नको, असं आठवडाभर चाललंय. लिहिते.

आपण नारळ फोडत नाही, वाढवतो. बांगडीला "फुटली" म्हणत नाही, "वाढली" म्हणतो. दुकानात एखादीच्या हातात बांगडी चढवताना तडकली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "वाढली हो, दुसरी भरते." सासूबाईंनी पहिल्या दिवशी शिकवलेला हा शब्द. पण दाजी गेले त्या दिवशी तुझ्या अंगणात कुणाला हा शब्द आठवला नाही. तुला पाटावर बसवलं, दोन्ही हात धरले आणि बांगड्या फोडल्या. फोडल्या, असंच म्हणाल्या. त्या श्रावणातल्या सोमवारी मीच तुला भरलेल्या, हिरव्या, बारीक सोनेरी ठिपक्यांच्या. मी भिंतीशी उभी होते. मला पुढं येऊन हात धरता आला असता. नाही आले. तुझ्या मनगटाला काच लागून रक्त आलं, ते पुसायलासुद्धा मी सगळ्या गेल्यावर आले. दहा वर्षं झाली, आणि असा एक दिवस गेला नाही की कुणाच्या हातात बांगडी चढवताना ते मनगट डोळ्यापुढं आलं नाही.

पुढं मे 2022 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. पेपरात ती बातमी वाचली तेव्हा मी दुकानात एकटी होते आणि मोठ्यानं रडले. तुला फोन करायला नंबर लावला आणि बंद केला.

त्या दिवशी तुझ्या अंगणातले तुकडे मी वेचले होते. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवले. का ठेवले ते तेव्हा कळलं नव्हतं. त्या उतारावरच्या बायकांपुढं उभी राहिले आणि डोक्यात पहिला विचार आला तो त्या डब्याचा.

आता घरची गंमत सांगते. मागच्या दारचा तुळशीकट्टा गेल्या पावसाळ्यात खचला होता. आल्या आल्या गवंड्याला बोलावून तो नव्यानं बांधून घेतला आणि म्हटलं, वरचा गिलावा मी करणार. तो आधी हसला, मग शिकवायला बसला. तीन पाटी वाळूला एक पाटी सिमेंट, वाळू चाळून घेतलेली. विटांवर आधी पाणी मारायचं. गिलावा वीतभर जागेपुरताच थापायचा, कारण तो हातातल्या हातात घट्ट होत जातो. बोटांना फडकं गुंडाळून तुकडे एकेक दाबायचे, धारेची टोकं आत, बाक बाहेर. शेवटी ओल्या फडक्यानं हलकेच पुसायचं, म्हणजे काचेवरचं सिमेंट निघतं आणि रंग उघडा पडतो. मग चार दिवस ओलं पोतं गुंडाळून ठेवायचं. पुतणी शाळेतून आली की माझ्याजवळ बसते, रंग निवडून देते. दुकानातला फुटका माल आता बाहेर जात नाही. तीन बाजू झाल्या. पूर्वेची बाजू अशी साधली आहे की सकाळी ऊन आलं की खालपासून वरपर्यंत रेघा पेटत जातात. शेजारच्या बायका आपापल्या घरच्या वाढलेल्या बांगड्या पदरात घेऊन येतात. परवा एक म्हातारी आली, चाळीस वर्षं पेटीत ठेवलेले तिच्या आईचे तुकडे घेऊन. तिच्याच हातानं लावून घेतले.

चौथी बाजू, दाराकडची, मी कोरी ठेवली आहे. विटाच दिसतायत. त्या डब्यातले तुकडे मी लावणार नाही, ते तुझे आहेत, तू लावायचेस. हिरवे आहेत, एकेचाळीस. काल मोजले.

आणि त्या दिवशी तू माझ्यासमोर गल्ल्याशी बसायचंस. दुकान बंद करू, तिसरं कुणी नसेल. तुला नको वाटलं तर मी एक शब्द बोलणार नाही, तशीच चहा पिऊ. पण हात पुढं केलास तर मला माप विचारावं लागणार नाही. तुझं दोन-सहा, उजवा हात थोडा जड, अंगठ्याशी चेपावा लागतो, डाव्या हातात सहज चढतात. रंग तू सांग. मी मोरपंखी काढून ठेवल्यात.

मुलांना आशीर्वाद. माघात थंडी कमी होईल, तेव्हा ये. निघायच्या दोन दिवस आधी कळव, वाळू चाळून ठेवावी लागते.

तुझीच,
बाबी