प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचे, तर आधी बांधावर जा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

खान्देशातून संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत काही वर्षे प्रोग्रॅमिंग केलेली आपली अनेक मुले आता प्रॉडक्ट मॅनेजर होऊ पाहत आहेत. मी स्वतः हा बदल केला असल्याने ती माझ्याकडे विचारणा करतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, कोणता सर्टिफिकेट कोर्स करू? या महागड्या कोर्सांवर पैसे घालण्याआधी त्यांनी कामाचे स्वरूप नीट पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

हा बदल म्हणजे बढती नव्हे. एखादी गोष्ट कशी बनवायची हे इंजिनिअर पाहतो. ती कोणासाठी बनवायची, का बनवायची आणि काय बनवायचे नाही, याचा निर्णय प्रॉडक्ट मॅनेजरला घ्यावा लागतो. नावात ‘मॅनेजर’ असले तरी इंजिनिअर सहसा त्याच्या हाताखाली नसतात, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट पटवूनच द्यावी लागते.

रावेर-यावलच्या शेतकऱ्यासाठी केळीच्या भावाचे ॲप करायचे आहे, असे समजा. सरासरी भाव अचूक दाखवणाऱ्या ॲपमध्ये तांत्रिक दोष एकही नसेल. पण नवती बागेच्या केळीचा भाव वेगळा, कांदेबागेच्या केळीचा वेगळा, मालाच्या प्रतीप्रमाणे त्यातही फरक, आणि घड कापणीला आलेले असताना व्यापारी आज गाडी पाठवणार की आणखी चार दिवस थांबवणार, ही शेतकऱ्याची खरी काळजी त्या आकड्यात कुठेच येत नाही. ती बांधावर जाऊन, त्याचे बोलणे मध्ये न तोडता ऐकल्यावरच कळते. अशाच प्रकारे स्मार्टफोन नसलेल्या माणसाच्या गरजेचा विचार झाला, म्हणून 2022 मध्ये साध्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी ‘यूपीआय 123पे’ ही सेवा आली.

नोकरीत असलेल्यांनी पद बदलून मागण्यापूर्वी ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या सहकाऱ्यांसोबत बसावे आणि एखाद्या लहान सुविधेची जबाबदारी मागून घ्यावी.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणण्याची पळवाट बंद करून तो बाजार समिती, जिनिंग किंवा डाळ मिलमधील खऱ्या अडचणीवर करून घ्यावा, आणि तिथल्या माणसांशी झालेल्या बोलण्याच्या नोंदींनाही प्रोग्रॅमइतकेच गुण द्यावेत.

आपला,
एक वाचक, यावल (जि. जळगाव)